छोट्या ट्रेलरमधलं शॉवर-संडास एकत्र असलेलं बाथरूम: नव्याने राहायला लागणाऱ्यांसाठी

चार-पाच मीटर लांबीच्या ट्रेलरमध्ये शॉवर आणि संडास वेगवेगळे बसवायला जागाच उरत नाही. मग दोन्ही एकाच खणात येतात. साधारण अडीच-तीन फूट लांबी-रुंदीची फायबरची किंवा एबीएस प्लास्टिकची खोली, तिच्यात कमोड, भिंतीवर हँड शॉवर, कधी कोपऱ्यात घडीचं बेसिन, आणि पायाखालची जमीन म्हणजेच शॉवरचा ट्रे. आंघोळ केली की कमोडसकट सगळं भिजतं.

नव्या माणसाला आधी धास्ती वाटते ती जागेची. कोपर भिंतीला लागेल, वाकता येणार नाही, साबण पडला तर उचलायचा कसा? ती धास्ती थोड्याच दिवसांत जाते, कारण कुठे वळायचं आणि कुठे नाही हे अंगवळणी पडतं. खरा त्रास ओलीचा आहे. ती रोज नव्याने तयार होते आणि रोज काढावी लागते. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा: नळ बंद केला म्हणजे आंघोळ संपली असं नाही. दुसऱ्या माणसाला मोजे न भिजवता आत जाऊन कमोड वापरता आला, की संपली. हे एवढं घरातल्या सगळ्यांनी मान्य केलं, तर या खोलीबद्दलच्या निम्म्याहून जास्त तक्रारी उद्भवतच नाहीत.

आधी टाक्या ओळखा

कमोडचे दोन प्रकार असतात. एकात मैला सरळ ट्रेलरखालच्या पक्क्या टाकीत पडतो. दुसऱ्यात कमोडच्या खाली सतरा ते वीस लिटरची डबाटाकी, म्हणजे कॅसेट असते. ती बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची आणि नेमून दिलेल्या जागी ओतायची. आंघोळीचं आणि बेसिनचं सांडपाणी मात्र वेगळ्या टाकीत जातं. चांगल्या पाण्याची टाकी तिसरी. छोट्या ट्रेलरमध्ये ती चाळीसपासून शंभरेक लिटरपर्यंत असते. गीझर त्याहून लहान. दहा-चौदा लिटरचे मिळतात, तेवीसेक लिटरचेही असतात. हे आकडे तुमच्या ट्रेलरच्या पुस्तिकेतून काढून दाराच्या आत चिकटवा. पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर चालतो.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी समजून घ्या. सांडपाण्याच्या टाकीला जोडलेल्या सगळ्या तोंडांमध्ये शॉवरच्या ट्रेची जाळी सर्वात खाली असते. सांडपाण्याची टाकी भरली की स्वयंपाकाच्या सिंकमध्ये ओतलेलं पाणी बाथरूमच्या जाळीतून वर येतं. तुम्ही भांडी घासताय आणि तिकडे कमोडच्या पायाशी करडं, तेलकट पाणी साचतंय, असं चित्र दिसतं. मोरी तुंबली समजून लोक तारा घालत बसतात. आधी टाकी बघा, रिकामी करा. बहुतेक वेळा काम तिथेच होतं. टाकी रिकामी असूनही पाणी उतरत नसेल, तर मग जाळी उघडा. बहुधा केसांचा गोळा निघतो. जाळीवर एक बारीक गाळणी बसवली, तर हा प्रश्नच येत नाही.

पाणसळ लावा

घरातल्या मोरीला गवंड्याने उतार दिलेला असतो. ट्रेलरमध्ये तो उतार जिथे उभे राहाल तिथे तुम्हाला स्वतः मिळवावा लागतो. जाळी ट्रेच्या एका टोकाला असते आणि ट्रेचा उतार अगदी थोडा असतो. ट्रेलर जाळीच्या उलट बाजूला जरासा जरी झुकला, तरी पाणी तिथेच थांबतं.

ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच आधी डावी-उजवी बाजू सारखी करा. जी बाजू खाली असेल तिच्या चाकाखाली फळी किंवा लेव्हलिंगचा ठोकळा सरकवून गाडी हळूच त्यावर घ्या. मग चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावा, ट्रेलर सोडवा आणि पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी जुळवा. हा क्रम उलटा करू नका, अडसर न लावता जोडणी तर कधीच सोडवू नका.

पाणसळीचा बुडबुडा मध्ये आला तरी ट्रेमध्ये एक मगभर पाणी ओता आणि वाकून बघा. पाणी आधी पसरतं, मग त्याची एक बारीक धार होऊन ती जाळीकडे निघते. जायला हवी तिकडे ती गेली नाही, तर समोरच्या भिंतीच्या सांध्याला चिकटून पाण्याची एक पट्टी उभी राहते. नेमकी हीच पट्टी पुढे काळी पडते आणि सिलिकॉन सोडवते. अशा वेळी ट्रेलर जाळीच्या बाजूला किंचित झुकवा. अगदी किंचितच, कारण गॅसवर चालणारा फ्रीज असेल तर त्याला जास्त कलणं चालत नाही.

खोलीत काय ठेवायचं

जेवढं कमी ठेवाल तेवढं बरं. आत ठेवलेली प्रत्येक वस्तू भिजते, आणि नंतर ती पुसायला लागते. टॉवेलचा हूक दाराच्या बाहेर लावा. टॉयलेट पेपर झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवा, नाहीतर आंघोळीच्या आधी बाहेर काढा; नुसत्या वाफेनेही रोल फुगतो. साबणाच्या वडीपेक्षा बाटली बरी, तीही कमी फेसाची. जास्त फेस म्हणजे तो धुवायला जास्त पाणी.

दोन वस्तू मात्र आत हव्यातच: छोटा रबरी वायपर आणि मायक्रोफायबरचं फडकं. तिसरी, जागा असेल तर, पट्ट्यापट्ट्यांची लाकडी जाळी. आंघोळ झाल्यावर ट्रेमध्ये ती टाकली की ट्रे थोडा ओला राहिला तरी पाय भिजत नाहीत. आंघोळीच्या वेळी ती बाहेर काढून ठेवायची. कायम आत राहिली तर तिच्याखाली शेवाळी चिकटा धरतो.

दाराला आतून पडदा असेल तर त्याच्या खालच्या काठाला वजन किंवा चुंबक हवा. गरम पाण्याने खोलीतली हवा वर जाते, बाहेरची गार हवा खालून आत शिरते आणि पडदा पोटऱ्यांना येऊन चिकटतो. काठ भिंतीला धरून राहिला की हे थांबतं आणि पाणीही उंबऱ्याबाहेर जात नाही.

आंघोळ, पायरीपायरीने

१. आंघोळीला कोण जाणार हे ठरण्याआधी संडासला कोणाला जायचंय ते विचारा. हा नियम विनोदी वाटेल, पण दोन माणसं राहत असतील तर सगळ्यात उपयोगी हाच. सकाळची घाई असेल तर आंघोळ रात्रीवर ढकला; रात्रभरात खोली वाळते आणि सकाळी संडास कोरडा मिळतो.

२. वीस-तीस मिनिटं आधी गीझर लावा. पाण्याचा पंप सुरू असल्याची खात्री करा.

३. छताची खिडकी उघडा, पंखा मंद ठेवा आणि ट्रेलरच्या दुसऱ्या टोकाची एक खिडकी दोन बोटं उघडा. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसताच फिरतो. अंगाला गार वारा लागतो म्हणून काही जण आंघोळीपुरता पंखा बंद ठेवतात. ते चालेल, पण छताचं झाकण उघडं असू द्या.

४. कमोडचं झाकण बंद करा. शॉवरचं तोंड बादलीत धरून गार पाणी निघून जाऊ द्या. लिटर-दोन लिटर पाणी जमतं, ते फ्लशला वापरा. टाकीतलं पाणी मोजकं असताना ते मोरीत सोडून देणं म्हणजे दोनदा तोटा: चांगलं पाणी गेलं आणि सांडपाण्याची टाकीही भरली.

५. बसून आंघोळ करा. मी हे सगळ्यांना आग्रहाने सांगतो. उभं राहिलं की पाणी छतापर्यंत उडतं, कोपरं आपटतात आणि साबणाच्या पायांनी ओल्या प्लास्टिकवर तोल सांभाळावा लागतो. बसलं की पाणी कमरेच्या पातळीत राहतं आणि पुसायच्या भिंती अर्ध्या होतात. मात्र कमोडचं झाकण वजन पेलणारं आहे का हे आधी बघा. पातळ, पोकळ झाकण मधोमध तडकतं. तसं असेल तर झाकण उघडून कमोडच्या बसायच्या रिंगवर बसा.

६. अंग भिजवा, पाणी बंद करा, साबण लावा, पाणी सोडा, धुवा. ट्रेलरचा शॉवर मिनिटाला सहा-सात लिटर पाणी टाकतो असं धरू. अर्धा मिनिट भिजायला आणि दीड मिनिट धुवायला, म्हणजे बारा-चौदा लिटर. तोच नळ आठ मिनिटं चालू ठेवला तर पन्नासेक लिटर, म्हणजे छोटी टाकी एका आंघोळीत संपली. गीझरमधलं गरम पाणी त्याच्याही आधी संपलेलं असतं.

शॉवरच्या मुठीवरचं बटण बंद केलं तरी थेंब थेंब पाणी येत राहतं. हा बिघाड नाही. बऱ्याच शॉवरमध्ये ती गळती मुद्दाम ठेवलेली असते. पुन्हा पाणी सोडताना पहिली धार जमिनीवर धरा, कारण ती कधी गार तर कधी चटका बसेल इतकी गरम येते.

७. आता खरं काम. अंग पुसायच्या आधी वायपर घ्या. तुम्ही ओलेच आहात, खोलीही ओली आहे, तेव्हाच हे उरकतं. एकदा कपडे घातले की पुन्हा आत जायचा कंटाळा येतो. वरून खाली: छत, भिंती, दाराची आतली बाजू, कमोडची टाकी, झाकण, शेवटी ट्रे. प्रत्येक भिंतीला दोन-तीन ओढी पुरतात. मग फडकं. फडकं जिथे लागतं त्या जागा ठरलेल्या आहेत: कमोडची बैठक ट्रेला टेकते तिथली कड, फ्लशच्या पेडलची खालची बाजू, कमोडच्या मागचा बोटभर रुंदीचा फटीसारखा भाग आणि दाराच्या चौकटीची खालची खाच. कमोडमागच्या फटीत हात जात नाही, तिथे फडक्याचं टोक घालून दोन्ही बाजूंनी ओढा. तिथून निघणारं पाणी बघाल तर रोज तिथे किती ओल राहत होती ते कळेल.

८. पंखा पूर्ण वेगाने सोडा आणि दार चार बोटं उघडं ठेवा. ट्रेलरमधली कोरडी हवा दारातून आत येते आणि दमट हवा छतातून जाते. दार सताड उघडलंत आणि पंखा बंद ठेवलात, तर तीच वाफ गादीवर आणि कपाटात जाऊन बसते. थंडीत लोक ऊब जाईल म्हणून सगळं बंद करतात आणि सकाळी खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळतं, गादीची खालची बाजू ओलसर लागते. थंड हवेत मुळात बाष्प कमी असतं. ती आत येऊन तापली की ओल चांगली शोषते. म्हणून हीटर चालू असतानाही पंखा थोडा वेळ चालवाच.

९. ओलं फडकं आत टांगू नका. ते बाहेर वाळवा.

संडासाचा भाग

पंखा चालू असताना फ्लश करू नका. छताचा पंखा ट्रेलरमधली हवा ओढत असतो. खिडक्या बंद असतील तर ती हवा जिथून मिळेल तिथून येते, आणि कमोडची झडप उघडली की टाकीतली येते. वासाच्या कितीतरी तक्रारींचं मूळ इथे असतं, आणि उपाय पंखा मिनिटभर बंद करणं एवढाच आहे.

पक्की टाकी असेल तर तिची बाहेरची झडप बंदच ठेवायची, टाकीची नळी मुक्कामाच्या जागेच्या गटाराला जोडलेली असली तरी. झडप उघडी ठेवली की पाणी वाहून जातं, घट्ट मैला मागे राहतो आणि कमोडच्या बरोबर खाली त्याचा ढीग तयार होतो. टाकी रिकामी केल्यावर तळ झाकेल इतकं पाणी आधीच घाला, मग औषध, म्हणजे मैला विरघळवणारं आणि वास मारणारं रसायन. निदान दोन तृतीयांश भरल्यावर रिकामी करा, म्हणजे जोराने सगळं निघून जातं. आधी मैल्याची टाकी, नंतर आंघोळीच्या पाण्याची. साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. हातमोजे घाला, आणि या कामाची नळी पिण्याच्या पाण्याच्या नळीच्या आसपासही ठेवू नका.

कॅसेटमध्ये उलट काटकसर लागते. दोन माणसांची एक कॅसेट साधारण दोन-तीन दिवसांत भरते. धुवायला हँड शॉवर वापरत असाल तर ते सगळं पाणी कॅसेटमध्येच जातं आणि बैठकही भिजते. त्यापेक्षा छोट्या बाटलीत मोजकं पाणी घेतलेलं बरं. शॉवरचं तोंड कमोडच्या भांड्यात बुडू देऊ नका. त्याच शॉवरखाली तुम्ही तोंड धुणार आहात.

कॅसेटची सरकती पाती बंद करण्याआधी खाली वाकून बघा. कागदाचा नखाएवढा तुकडा पातीच्या आणि रबराच्या मध्ये राहिला तरी पाती पुरती बसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालू झाली की तिथून झिरपतं. थोडं पाणी सोडून तो खाली ढकला, मग बंद करा. पाती अडली तर जोर लावू नका. रबराला मधूनमधून सिलिकॉनचं वंगण लावा. पेट्रोलियम जेली नको, तिने रबर फुगतं. ओतताना कॅसेटवरचं हवेचं बटण दाबून धरा, नाहीतर ती गचके देत पायावर उडते.

कागद विरघळतो की नाही ते स्वतः तपासा. झाकणाच्या बाटलीत पाणी घेऊन दोन घड्या टाका आणि हलवा. थोड्या वेळात त्याचा लगदा झाला तर घ्या, घडी शाबूत राहिली तर घेऊ नका. ओले टिश्यू मात्र कधीही टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. आणि औषध निवडताना फॉर्मॅल्डिहाइड असलेलं टाळा, एन्झाइमवालं घ्या. फॉर्मॅल्डिहाइडने सेप्टिक टँकमधले मैला पचवणारे जिवाणू मरतात, आणि तुमची टाकी पुष्कळदा अशाच ठिकाणी रिकामी होणार असते.

वास आला तर

लगेच सुगंधी फवारा मारू नका, वास कुठून येतोय ते नाकाने शोधा. जाळीजवळ कुजकट वास असेल तर खालचा ट्रॅप कोरडा पडलाय. वाकड्या पाइपात थांबलेलं पाणी टाकीतली हवा अडवतं. प्रवासाच्या हिंदकळण्याने ते उडून जातं. मुक्कामाला पोचलात की प्रत्येक जाळीत मगभर पाणी ओता. कमोडच्या भांड्यात पाणी टिकत नसेल तर झडपेचं रबर घाण किंवा झिजलेलं आहे. बैठकीच्या पायाशी वास आणि ओल दोन्ही असेल, आंघोळ केलेली नसतानाही, तर खालचं सील गेलंय. ते टाळू नका, त्याखाली लाकूड असतं. आणि या सगळ्यात काही सापडलं नाही तर ते फडकं हुंगून बघा.

सांधे आणि ट्रे

महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन सगळे सांधे बघा. सिलिकॉन जिथे भिंतीपासून सुटलंय तिथे नखाने हळूच दाबलं की ते हलतं. वरून नवीन थर देऊन भागत नाही, जुनं पूर्ण काढून, जागा कोरडी करून मगच भरायचं. भिंतीच्या दुसऱ्या बाजूचं कपाट उघडून आतलं प्लायवूड अंगठ्याने दाबा. मऊ लागलं तर पाणी केव्हाचं जातंय.

ट्रेवर उभं राहिल्यावर तो कुरकुरत असेल किंवा जाळीजवळ दबत असेल, तर त्याच्याखाली आधार नाही. तडा जाण्याआधी ट्रेखालची पोकळी भरून घ्या. तडा गेल्यावर दुरुस्ती फार मोठी होते.

साफसफाईला साधं साबणपाणी पुरतं. घासायची पावडर, थिनर, अ‍ॅसिटोन एबीएसवर लावू नका. ते निस्तेज होतं, तडकतं. बुरशीवर पातळ केलेलं व्हिनेगर चालतं. ब्लीच वापरलंत तर त्याच दिवशी व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही रसायन त्या खोलीत आणू नका. दोन्ही मिसळून क्लोरीन वायू तयार होतो आणि एवढ्याशा बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

निघताना, आणि ट्रेलर उभा करून ठेवताना

निघण्याआधी पंप बंद करा. एखादा नळ धक्क्याने उघडला तर चालत्या गाडीत टाकी ट्रेमध्ये रिकामी होते. छताचं झाकण लावा, वाऱ्याने ते उपटून जातं. शॉवरची मूठ बांधा, बाटल्या बेसिनमध्ये किंवा पिशवीत टाका, दाराची कडी लावा. ट्रेलर ओढायची वजनमर्यादा कमी असेल तर पाणी किती भरून न्यायचं तेही बघा, कारण लिटरमागे एक किलो वजन वाढतं.

पाणी गोठेल अशी थंडी येणार असेल तर गीझर, टाकी आणि नळ्या रिकाम्या करा. गीझर आधी थंड होऊ द्या. पंपातून आणि ट्रॅपमध्ये ट्रेलरसाठी मिळणारं, प्रॉपिलीन ग्लायकोलचं बिनविषारी अँटिफ्रीझ घाला. मोटारच्या रेडिएटरचं चालणार नाही, त्यातलं एथिलीन ग्लायकोल विषारी असतं. लोक शॉवरची नळी विसरतात: ती हुकवरून काढून खाली सोडा, बटण उघडं ठेवा. कॅसेट धुऊन, वाळवून, पाती उघडी ठेवून परत बसवा. महिनोन्महिने बंद राहिलेली पाती रबराला चिकटते. बाथरूमचं दार उघडं राहील असं काहीतरी मध्ये अडकवा.